हशा पिकवणाऱ्याची शिदोरी

२००५ साली ‘स्टार वन’ या वाहिनीवर ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. आज ती वाहिनी उरलेली नाही, २०११च्या अखेरीस ती बंद झाली. पण त्या कार्यक्रमाची आठवण अनेक घरांत अजून ताजी आहे. मांडणी अगदी साधी होती. एक मंच, एक माइक आणि माइकमागे एकटा माणूस. समोर परीक्षक म्हणून शेखर सुमन आणि नवज्योतसिंग सिद्धू. त्या माणसानं काही मिनिटं बोलायचं आणि लोकांना हसवायचं, एवढंच काम.

या माइकमागे कोण आलं, ते बघा. विदर्भातून आलेला सुनील पाल. मध्य प्रदेशातल्या सिवनीचे अहसान कुरैशी, जे कविसंमेलनाच्या मंचावरून आले होते आणि एका सुरात, संथपणे बोलूनच लोकांना लोळवायचे. कानपूरचे राजू श्रीवास्तव, ज्यांचे वडील स्वतः कवी होते. पहिल्या वर्षी सुनील पाल जिंकला. दुसऱ्या वर्षी, २००६ साली, पाकिस्तानचे रऊफ लाला जिंकले. आणि २००७ साली, तिसऱ्या पर्वात, अमृतसरचा एक सव्वीस वर्षांचा मुलगा जिंकला. त्याचं नाव कपिल शर्मा. पुढं त्याचं काय झालं, हे सांगायची गरज नाही.

साध्या घरातला एखादा मुलगा टीव्हीवर येतो आणि पाहता पाहता घराघरात पोचतो. आपण म्हणतो, नशीब उघडलं. मला वाटतं, हे नेमकं कसं घडतं आणि पोचल्यावर त्या मुलावर कोणता भार पडतो, हे समजून घेण्यासारखं आहे. माझा स्वतःचा व्यवसाय विनोदाचा नाही. मी कविता लिहितो. पण मराठी कविसंमेलनं आणि उर्दू मुशायरे या दोन्ही ठिकाणच्या सतरंज्यांवर माझी बरीच वर्षं गेली आहेत. एकट्यानं माइकसमोर उभं राहून चारशे माणसांना धरून ठेवायचं म्हणजे पोटात कसा गोळा येतो, ते मला ठाऊक आहे.

एकट्यानं हसवणारा माणूस आपल्याकडे टीव्हीनं आणलेला नाही. सुगी झाली की गावात बहुरूपी यायचे. खाकी कपडे घालून दारात उभे राहायचे, खोट्याच गुन्ह्याचा धाक घालायचे आणि घरातल्या माणसांना हसवून पसाभर धान्य घेऊन जायचे. तमाशात सोंगाड्या होता. वगातल्या राजालाही तो दोन शब्द सुनवायचा आणि त्याला कुणी अडवायचं नाही. मराठी रंगभूमीवर पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानं उभी केली. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये बावन्न माणसं एकटे साकारायचे. पण हे एकपात्री प्रयोग होते. संहिता ठरलेली, पात्रं ठरलेली. प्रेक्षक तिकीट काढून मुद्दाम ते बघायला यायचा.

स्टँडअपचा जवळचा नातेवाईक वेगळाच आहे. तो म्हणजे ऑर्केस्ट्रातला मिमिक्रीवाला. गायिकेला जरा दम खाता यावा, वादकांना वाद्यं जुळवता यावीत, म्हणून दोन गाण्यांच्या मध्ये त्याला पुढं करायचे. लोक गाणी ऐकायला आलेले असायचे, त्याला ऐकायला नव्हे. कुणी चहाला उठलेलं, कुणी मूल रडवत बसलेलं. अशा लोकांना पाच मिनिटं थांबवून दाखवायचं. जॉनी लिव्हर हे याच शाळेतले. धारावीत वाढलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात काम करणारे. तिथं ते सहकाऱ्यांच्या आणि साहेबांच्या नकला करायचे आणि तिथूनच त्यांना हे आडनाव चिकटलं. पुढं कल्याणजी-आनंदजी यांच्या कार्यक्रमांतून ते देशभर फिरले आणि त्यांच्या विनोदांच्या कॅसेट निघाल्या. गाण्यांमधली फट बुजवायला आलेला माणूस स्वतःच कार्यक्रम झाला. २००५ साली टीव्हीनं एवढंच केलं, की गाणी काढून टाकली आणि फट तेवढी ठेवली.

आता हा एकटा माणूस लोकांना हसवतो कसा? इथं मला माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देऊ द्या. गझलेच्या शेरात दोन ओळी असतात. मुशायऱ्यात शायर पहिली ओळ म्हणतो आणि थांबतो. पुन्हा तीच ओळ म्हणतो. समोरचा माणूस मनातल्या मनात अंदाज बांधू लागतो, की आता हा अमुक म्हणणार. अंदाज पक्का झाला की शायर दुसरी ओळ सोडतो, आणि ती त्या अंदाजाला बगल देऊन भलतीकडेच पोचते. पोचल्यावर मात्र वाटतं, अरे, हेच तर खरं होतं! विनोदाची घडण अशीच असते. आधी वाट दाखवायची, मग वळण घ्यायचं, आणि वळणापलीकडचं गाव ओळखीचं निघालं पाहिजे.

एक साधासा विनोद करून बघू. समजा, कुणी म्हणालं, “आमच्या गावचा एसटीचा थांबा फार जुना. माझे आजोबा तिथं बसची वाट बघायचे. माझे वडील तिथंच वाट बघायचे.” इथं थोडं थांबायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, आता हा म्हणणार, मीही बघतो. तो म्हणतो, “काल ती एकदाची आली! मी कंडक्टरला विचारलं, चालेल का हो, आजोबांचं तिकीट?”

यात ‘तिकीट’ हा शब्द कुठं आहे, ते बघा. अगदी शेवटी. “आजोबांचं तिकीट चालेल का, असं मी कंडक्टरला विचारलं,” असं म्हटलं तर व्याकरण चोख, पण हशा मेला. कारण लोक ‘तिकीट’ या शब्दाला हसणार आणि त्या हशाखाली उरलेलं वाक्य बुडणार. मराठीत काय आणि हिंदीत काय, वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं, आणि हशा तर बहुधा नामात दडलेला असतो. म्हणून चांगला विनोदकार वाक्य उलटंपालटं करतो. दोन अक्षरं कापतो, कुठं श्वास घ्यायचा ते ठरवतो. आपल्याला वाटतं, तो सहज बोलतोय. तो सहजपणा शंभर वेळा बोलून आलेला असतो.

शेर आणि विनोद यांत एक मोठा फरक मात्र आहे. शेर आवडला की मुशायऱ्यात लोक ओरडतात, ‘मुकर्रर!’ म्हणजे पुन्हा म्हणा. माझीच एक कविता मी कितीतरी वर्षं म्हणतोय आणि लोक तीच मागतात. नवी म्हटली तर नाराज होतात. विनोदाला मुकर्रर नाही. वळण एकदा कळलं की कळलं. दुसऱ्यांदा ऐकणारा आपल्या आधीच त्या वळणावर जाऊन उभा असतो. कविता मुरते, विनोद शिळा होतो. विनोदकाराच्या आयुष्यातल्या बऱ्याच अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

हे लक्षात ठेवून कपिल शर्माची वाटचाल बघू. २ एप्रिल १९८१ रोजी अमृतसरमध्ये त्याचा जन्म. वडील पंजाब पोलिसांत हेड कॉन्स्टेबल. पोलीस वसाहतीत बालपण. शिकत असताना त्यानं पीसीओवर काम केलं. लहानसहान कामं करत त्यानं कॉलेजमध्ये नाटकाचा नाद जोपासला. स्पर्धा गाजवल्या, इतरांना नाटक शिकवलं. गाण्याचंही वेड होतं. २००४ साली वडील कर्करोगानं गेले आणि घराचा भार अंगावर आला. ‘लाफ्टर चॅलेंज’च्या आधी तो एका पंजाबी वाहिनीवरच्या विनोदी कार्यक्रमात दिसला होता. ‘लाफ्टर चॅलेंज’ची निवड चाचणी अमृतसरला झाली तेव्हा त्याला नाकारण्यात आलं आणि त्याचा मित्र चंदन प्रभाकर निवडला गेला, हे त्यानं अनेकदा सांगितलं आहे. तो गप्प बसला नाही. दिल्लीला जाऊन पुन्हा उभा राहिला आणि तिथं निवडला गेला. अंतिम फेरीत पहिला कपिल आला आणि दुसरा चंदन. दहा लाखांचं बक्षीस मिळालं. त्या पैशातून बहिणीचं लग्न केल्याचं तो सांगतो.

आपण लक्षात ठेवतो ते दहा लाख. मला त्याआधीची वर्षं महत्त्वाची वाटतात. पोलीस वसाहतीत कानावर पडलेली बोली, मोठ्या साहेबापुढं छोट्या हवालदाराचा बदलणारा आवाज, पीसीओच्या काचेआड उभं राहून घरी फोन करणारी माणसं, लग्नघरातले रुसवेफुगवे. हे सगळं त्या मुलाजवळ साठत गेलेलं असणार. प्रवासाला निघणाऱ्याच्या पाठीला आई शिदोरी बांधून देते, तशी ती वर्षं असतात. टीव्हीच्या दारात तो रिकामा गेला नव्हता.

टीव्ही या शिदोरीचं काय करतो, त्याचा हिशेब मांडून बघू. समजा, एखाद्या होतकरू विनोदकाराजवळ आठ-दहा वर्षांच्या मेहनतीनंतर चाळीस मिनिटांचा पक्का माल आहे. पक्का म्हणजे कुठंही टाकला तरी हशा वसूल करणारा. गणेशोत्सव, लग्नाचं स्वागत समारंभ, कंपनीचं स्नेहसंमेलन, दर वेळी प्रेक्षक नवा असतो. त्यामुळं तीच चाळीस मिनिटं वर्षानुवर्षं पोट भरतात. आता तो टीव्हीवरच्या स्पर्धेत आला. दर आठवड्याला नवी पाच मिनिटं द्यायची. आठ आठवडे झाले, माल संपला. आणि नुसता संपला नाही, तर एकाच वेळी साऱ्या देशानं ऐकला. आता तो गावोगावच्या कार्यक्रमात तेच बोलू लागला की पहिल्या रांगेतलं पोरगंच पुढचं वाक्य म्हणून दाखवतं. दहा वर्षांची शिदोरी दोन महिन्यांत संपलेली असते, आणि लोकांची भूक मात्र तेव्हाच वाढलेली असते. त्याच्याच जिवावर वाढलेली.

म्हणून मी म्हणतो, टीव्ही विनोदकार घडवत नाही. घडून आलेल्याला तो खर्च करतो. अशा स्पर्धांमधून कितीतरी हुशार मंडळी वर आली आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशी झाली. त्यांची कला आटली असं लोक म्हणतात. मला वाटतं, साठा आटला होता आणि तो पुन्हा भरायला लागणारी शांत वर्षं त्यांना कुणी दिली नाहीत.

शिवाय, टीव्हीवर आपल्याला जे दिसतं ते सगळं घडलेलं असतंच असं नाही. चित्रीकरण तासन्‌तास चालतं. पडलेला विनोद संकलनात कापला जातो. कुणीतरी कशाला तरी हसलेलं दृश्य दुसऱ्याच वाक्यानंतर जोडता येतं. ध्वनिमुद्रित हशा भरता येतो. परीक्षकाची खुर्चीही नुसते गुण देण्यासाठी नसते. हसणं संसर्गजन्य असतं. मंचावरचा एक ओळखीचा चेहरा खदखदून हसला की घरात बसलेल्यालाही हसायची मुभा मिळते. सिद्धूंचा गडगडाट आणि त्यांच्या शेरोशायरीनं हेच काम केलं. पुढं कपिलच्या कार्यक्रमात ती खुर्ची आधी सिद्धूंकडे होती आणि २०१९पासून अर्चना पूरणसिंग यांच्याकडे आली.

कपिल मग टिकला कसा? कारण त्यानं एकट्यानं माल पुरवायचा नाद सोडला. स्पर्धा जिंकल्यावर तो ‘कॉमेडी सर्कस’मध्ये गेला. तिथं जोडीनं काम असायचं, लेखक असायचे, छोटी प्रहसनं असायची. तिथं तो अनेकदा जिंकला. मग २२ जून २०१३ रोजी ‘कलर्स’ वाहिनीवर ‘कॉमेडी नाइट्स विथ कपिल’ सुरू झाला. पहिला पाहुणा होता धर्मेंद्र. हा कार्यक्रम वरवर स्टँडअप वाटला तरी बेत वेगळा होता. सुरुवातीला दोन-चार मिनिटं एकट्याचं बोलणं, मग भोवती एक विचित्र कुटुंब, शेजारीपाजारी, आणि मधोमध सोफ्यावर चित्रपटातला पाहुणा. दर आठवड्याला नवा पाहुणा म्हणजे दर आठवड्याला नवी शिदोरी, तीही दुसऱ्याच्या घरून आलेली! गुत्थी झालेला सुनील ग्रोव्हर, दादी झालेला अली असगर, पलक झालेला किकू शारदा यांनी अर्धा भार उचलला. त्यामागं लेखकांची तुकडी होती. आणि समोरच्या प्रेक्षकाशी ऐनवेळी गप्पा मारून हशा काढण्याची कपिलची मंचावरची जुनी सवय होतीच. त्या संवादाला शिळेपणा नसतो, कारण तो तिथंच जन्मतो. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला गोरेगावच्या फिल्म सिटीतला त्या कार्यक्रमाचा सेट जळून खाक झाला. तरी कार्यक्रम थांबला नाही, इतकी त्याची मागणी होती.

पण भार वाटून घेतला तरी नाव एकाचंच असतं, आणि दर शनिवार-रविवारी हसवायचंच असतं. ताप आला, घरात कुणी दगावलं, मन उडालं, तरी ठरल्या वेळी दिवे लागतात. मार्च २०१७मध्ये परदेश दौऱ्याहून परतताना विमानात कपिलचा सुनील ग्रोव्हरशी वाद झाला. तो जगजाहीर झाला आणि काही सहकारी सोडून गेले. प्रकृतीच्या कारणानं चित्रीकरणं रद्द होऊ लागली आणि त्याच वर्षी कार्यक्रम थांबला. त्या काळातलं नैराश्य आणि दारू याबद्दल तो स्वतः नंतर मोकळेपणानं बोलला आहे. डिसेंबर २०१८मध्ये तो परतला. मार्च २०२४मध्ये त्याचा कार्यक्रम नेटफ्लिक्सवर सुरू झाला आणि तिथं सुनील ग्रोव्हर पुन्हा त्याच्या शेजारी उभा राहिला. प्रसिद्धीनं दिलेल्या दुखण्यातून माणूस बाहेर येऊ शकतो, ही यातली चांगली गोष्ट. मात्र मधली दीड वर्षं कुणीही हसण्यावारी नेऊ नयेत.

आता एक जरा नाजूक मुद्दा. माल कमी पडू लागला की विनोदकार सोप्या मालाकडे वळतो. सोपा माल कोणता? जाड माणूस, काळी मुलगी, बायकोचं तोंड, लग्न न झालेली आत्या, साडी नेसलेला पुरुष. हे विनोद लिहायला वेळ लागत नाही, कारण ते आधीपासूनच लोकांच्या मनात लिहिलेले असतात. कपिलच्या कार्यक्रमातही बायकोच्या रूपावरून आणि बिनलग्नाच्या बुआवरून पुष्कळ हशे घेतले गेले. पडद्यावरच्या नटीला त्याचे पैसे मिळतात. पण तो विनोद सोमवारी सकाळी शाळेत जातो, ऑफिसात जातो. आमच्या नात्यातल्या एका मुलीला एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी असाच टीव्हीवरचा विनोद ऐकवला. सगळे हसले. तीही हसली. मग हात धुवायला म्हणून उठली, ती परत जेवायला बसली नाही. ज्यानं तो विनोद केला तो काही वाईट माणूस नव्हता. त्याला वाटलं, टीव्हीवर चालतं ते इथंही चालतं.

माझ्या समाजावरचे विनोदही मी ऐकतो आणि कित्येकदा मनापासून हसतो. मुशायऱ्यात तंज-ओ-मिजाह म्हणजे हास्य-व्यंग्याची परंपरा जुनी आहे. हैदराबादची ‘जिंदादिलान-ए-हैदराबाद’ ही संस्था तर खास त्यासाठीच ओळखली जाते. तिथं शायर स्वतःच्या दारिद्र्यावर, मौलवीवर, बिर्याणीच्या हव्यासावर असं काही बोलतात की डोळ्यांत पाणी येतं. माझी कसोटी सोपी आहे. विनोद करणाऱ्यानं माणूस ओळखलाय, की नुसती टोपी ओळखलीय? माणूस ओळखून केलेला विनोद कुणाचाही असो, तो गोड लागतो. नुसती टोपी बघून केलेला विनोद ऐकताना मी हसतो खरा, पण घरी येताना तो चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहतो.

राजू श्रीवास्तव यांची इथं आठवण येते. २१ सप्टेंबर २०२२ रोजी ते दिल्लीत गेले. त्यांचा गजोधर हा खेडवळ माणूस. शहराच्या रीतीभाती बघून तो चक्रावायचा, पण हसू यायचं ते बहुतेकदा शहराचं. लग्नातल्या बुफेच्या ताटात एकमेकांवर चढलेले पदार्थ आपसांत काय बोलत असतील, याचा विचार त्यांनी केला. भाजी, पापड, बर्फी यांना बोलकं करणाऱ्या माणसाला कुणाच्या रंगाची किंवा जाडीची गरज पडत नाही. त्याला फक्त डोळे उघडे ठेवावे लागतात. तो माल कष्टाचा असतो, म्हणून टिकतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत या धंद्याची दारं बदलली आहेत. इंदूरचा झाकीर खान बघा. त्याचे आजोबा उस्ताद मोइनुद्दीन खान हे नामांकित सारंगीवादक. हा मुलगा २०१२ साली टीव्हीवरच्याच एका स्टँडअप स्पर्धेतून पुढं आला, पण त्याचं खरं नाव झालं ते २०१७च्या ‘हक से सिंगल’ या इंटरनेटवरच्या दीर्घ कार्यक्रमानं. तो विनोदांची माळ लावत नाही. तास-तासभर गोष्ट सांगतो, मध्येच गंभीर होतो, शायरी म्हणतो. २०२४ साली त्याला ‘सोनी’वर स्वतःचा कार्यक्रम मिळाला आणि तो काही आठवड्यांतच बंद पडला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२५मध्ये, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यानं हिंदीत कार्यक्रम केला. टीव्हीवर न जमलेला माणूस तिथं जमला! याचा अर्थ इतकाच, की टीव्ही हा आता एकमेव दरवाजा राहिलेला नाही. दर आठवड्याला ठरलेल्या साच्यात हसवणं आणि आपल्या चालीनं तासभर गोष्ट सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. मोबाइलची गोष्ट मात्र अशी, की तिथं अर्ध्या मिनिटाचा तुकडा देशभर फिरतो. शिदोरी तिथं टीव्हीपेक्षाही लवकर संपते.

आपल्या मराठीत टीव्हीनं थोडी वेगळी वाट धरली. ‘फू बाई फू’, २०१४पासूनचं ‘चला हवा येऊ द्या’, २०१८पासूनची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ हे सगळे प्रहसनांचे कार्यक्रम. एकट्या माइकवाल्यापेक्षा जोडी आणि टोळी इथं जास्त रमली. आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धांचा आणि कामगार रंगभूमीचा हा वारसा असावा. इथला मुलगा लहानपणापासून चौघांबरोबर उभं राहायला शिकतो. भार वाटला जातो, हा त्याचा फायदा. एकट्यानं, स्वतःच्या नावानं, स्वतःचं काही बोलायचं धाडस मात्र त्यात कमी पडतं. ती उणीव आता मुंबई-पुण्यातली तरुण मुलंमुली मराठी स्टँडअप करून भरून काढू लागली आहेत.

गणेशोत्सवात मिमिक्री करणारी, मोबाइलवर चित्रफिती टाकणारी मुलं मला कधीकधी विचारतात, “सर, टीव्हीवर जायचं कसं?” बरोबर एखाद्याची आई असते. तिच्या चेहऱ्यावर काळजी असते, कारण मुलगा लागलेली नोकरी सोडायला निघालेला असतो. मी त्यांना सांगतो, टीव्हीवर जायची घाई करू नका, आधी जवळ काय आहे ते मोजा. एक वही करा. एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर, रेशनच्या रांगेत जे ऐकलं ते तारीख घालून लिहा. तुम्हाला ओळखत नाहीत अशा लोकांसमोर बोला, कारण मित्र हसतात ते तुमच्या विनोदाला नव्हे, तुम्हाला हसतात. जिथं लोक हसले नाहीत ती जागा खुणेनं ठेवा, तिथंच शिकायला मिळतं. सगळं एकदम दाखवून टाकू नका. घरातल्या माणसावर विनोद करायचा असेल तर त्याला आधी ऐकवा. तो हसला तर मंचावर न्या. आणि नोकरी चालू ठेवून दोन वर्षं काढता येत असतील तर काढा. ऑफिस हीसुद्धा शिदोरी भरायची जागाच आहे. जॉनी लिव्हर यांना आडनावसुद्धा कारखान्यानंच दिलं.

आईला मी वेगळं सांगतो. हे काम हलकं नाही. लोकांना रडवणं सोपं आहे, मी कवी आहे म्हणून हे खात्रीनं सांगू शकतो. अनोळखी माणसाला हसवायला त्याची आणि आपली एक समान जागा शोधावी लागते. ती ज्याला सापडते त्यानं बरंच काही वाचलेलं असतं, पुस्तकांत नसलं तरी माणसांत.

राहिलो आपण, म्हणजे समोर बसलेले लोक. विनोदकाराच्या धंद्यात गिऱ्हाईक आपणच आहोत आणि भावही आपणच ठरवतो. तो एक वाक्य टाकून बघतो. आपण हसलो तर तसली आणखी दहा लिहितो. गप्प राहिलो तर दुसरं शोधायला जातो. म्हणून पुढच्या वेळी हसू आल्यावर फार विचार करत बसू नका, मनमुराद हसा. फक्त हसून झाल्यावर एकदा शेजारी बघा. शेजारचा माणूसही हसत असेल, तर तो विनोद चांगला होता.